सातपूरच्या गाळ्यातली खरखर

रिकाम्या प्रीअँप्लिफायरची शांतता कधी ऐकली आहेत? तबकडीवर सुई न टेकवता आवाजाची खुंटी शेवटापर्यंत पिळावी, स्पीकरच्या जाळीला कान लावावा आणि काहीएक ऐकू येऊ नये, अशी ती नितळ, निर्मळ नीरवता असते. खाचेतून सुई जो संकेत उचलून आणते तो इतका कृश असतो, की प्रीअँप्लिफायर त्याला मोठं करू गेला तर यंत्राची स्वतःची कुजबुजही त्याच्यासोबत मोठी होते. म्हणून माझ्या यंत्रातल्या तारेचं प्रत्येक वळण, काचेच्या व्हॉल्व्हची प्रत्येक बैठक मी चार वर्षं आखली, खोडली आणि पुन्हा आखली. लोक म्हणतात, वेड लागलंय याला. लागू दे! या भोंग्यांच्या आणि डीजेच्या जगात शांततेपायी झिजणारा एखादा वेडा सातपूरच्या गाळ्यात असला तर कुणाचं काय बिघडतं?

आणि यंदा, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या नीरवतेत खरखर उगवली. सकाळच्या दमट हवेत तडतडायची, दुपारी ऊन तापलं की गुपचूप बसायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर! दिवाळीपूर्वी यंत्र पुण्याच्या एका शौकिनाकडे पोचवायचं कबूल केलेलं. माझं डोकंच फिरलं. व्हॉल्व्ह बदलले, ट्रान्सफॉर्मर बदलला, शेजारच्या लेथवाल्याशी विनाकारण भांडलो. दोष द्यायला आणखी कुणी उरलं नाही, तेव्हा मंदाताई उरल्या.

मंदाताई नऊ वर्षं माझ्याकडे जोडकाम करतात. नवरा गेल्यानंतर नाशिक रोडहून दोन बस बदलून येऊ लागल्या, त्या आजवर कधी उशिरा आल्या नाहीत. त्यांनी दिलेला सोल्डरचा ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा, तसाच स्वच्छ. त्या बाईवर मी गाळ्यातल्या सगळ्या कामगारांदेखत ओरडलो, की ही खरखर तुझ्याच हातची आहे; नऊ वर्षांचं ‘तुम्ही’ एका श्वासात ‘तू’ झालं! त्यांनी चष्मा पुसला. “साहेब, माझ्या हातनं नाय झालं हे,” एवढंच म्हणाल्या, दिवसभर बसून एकेक जोड पुन्हा तपासला, आणि दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. मला वाटलं, बरं झालं, ब्याद गेली. हे लिहिताना आज स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

चौथ्या दिवशी भिंग घेऊन बसलो. पहिल्या व्हॉल्व्हच्या बैठकीपाशी, जिथे तो इवलासा संकेत शेकडो व्होल्टच्या पट्टीला जवळजवळ खेटून जातो, तिथे एक लाल बोट उमटलेलं होतं. कुंकू! खंडेनवमीला आम्ही गाळ्यातली सगळी हत्यारं मांडून पूजतो. यंदा मधोमध हे यंत्र होतं, झाकण काढलेलं, आणि गहिवरून त्याच्या थेट पोटात ओलं कुंकू टेकवणारं ते बोट माझं होतं. हवा दमट झाली, की त्या कुंकवातून वीज झिरपत होती. विजेच्या कणाकणाला ज्याने वाट आखून दिली, त्या दीडशहाण्याला स्वतःच्या बोटाचा पत्ता नसावा? स्पिरिटचा बोळा फिरवला आणि यंत्र मुकं झालं. माझा संताप मात्र मुका होईना. चार दिवस तो दुसऱ्यांच्या दारात नाचत होता, आता त्याला माझ्याच घरात राहायचं होतं.

मी मंदाताईंना फोन केला. नाक घासून माफी मागितली, परत या म्हणालो. पण माफीतसुद्धा ज्याची ऐट सुटत नाही असा मी, विचारलंच शेवटी, की एकेक जोड तपासलात, मग ते कुंकू तुम्हाला दिसलं कसं नाही?

“दिसलं ना साहेब. तपासायला बसले तेव्हाच दिसलं. पण पूजेला हळदीकुंकवाचं ताट सगळ्या बायांपुढं थांबलं, माझ्यापुढनं तसंच पुढं गेलं. ज्या कुंकवाला मी त्या दिवशी चालले नाय, ते मी पुसू कशी? अन् तुम्ही तर वरडत होता. सांगू कुणाला?”

ताट माझ्याच हातात होतं.