ज्या वार्डापुढे मी ‘निरंक’ लिहिलं

माझ्या हातच्या एका शब्दानं एका वस्तीचा नळ गेला. तो शब्द खोटा होता, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं.

साठ सालच्या आसपास मी बालाघाटकडच्या एका लहान नगरपालिकेत कारकून होतो. गावात सार्वजनिक नळ मोजके. आमच्या आळीनं नळ मागितला, पण नव्या पाइपाला पैसा नव्हता. अध्यक्ष म्हणाले, जो वार्ड पालिकेला काही देत नाही, त्याचा नळ काढून इकडे लावू. कोणता वार्ड किती देतो त्याचं टिपण मला करायला सांगितलं.

मी फक्त घरपट्टी धरली. बौद्ध वस्तीतल्या गवताच्या झोपड्यांना घरपट्टी माफ होती. त्या वार्डापुढे मी ‘निरंक’ लिहिलं. त्याआधी तीन वर्षं मी चुंगीनाक्यावर गावात येणाऱ्या मालाची जकात घेत बसलो होतो. त्या वस्तीतल्या बायांच्या डोक्यावरच्या लाकडाच्या मोळ्यांवर मीच पावत्या फाडल्या होत्या. पालिका चालायची ती याच चुंगीवर.

महिन्याभरात नळ आमच्या दारासमोर आला. बायको खूश झाली. पाणी सकाळी तासभर यायचं. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन येऊ लागल्या, तेव्हा आमच्या आळीनं ठरवलं की त्यांनी दूर उभं राहायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर भरायचं. हे पहिल्यांदा बोलली माझी बायको. मी ओसरीवर दाढी करत होतो. ऐकलं, आणि दाढी करत राहिलो.

मोळ्या विकणारी एक म्हातारी होती. ती आणि तिची सून पहाटेच जंगलात जायच्या, म्हणून घागरींपाशी आठ-नऊ वर्षांची नात बसायची. तिची पाळी येईपर्यंत शाळेची घंटा होऊन जायची. कधी पाणीही गेलेलं असायचं.

एका सकाळी म्हातारी स्वतः आली.

“बाबू, पोरीले मास्तर रोज दाराबाहेर उभी करते. तिले तरी आधी भरू द्या.”

मी म्हणालो, नळ कर भरणाऱ्यांचा आहे.

“मंग माह्या मोळीची चुंगी कोन घेत होता? तुमीच ना? आमी देत नाही असं काहून लिहलं?”

“तो पैसा गावाचा असतो.”

“हौ. अन् आमी गावातले नाही.”

नळावरच्या बाया फिसकन हसल्या. त्या म्हातारीला हसल्या की मला, ते कळलं नाही. मला वाटलं, मलाच. त्याच दिवशी नाक्यावर जाऊन मी तिथल्या माणसाला सांगितलं की त्या म्हातारीची मोळी मोठी असते, दोन धरत जा. त्यानं कारण विचारलं नाही. पुढे वर्षभर तिनं दुप्पट चुंगी दिली. दिवाळीनंतर पोरीचं नाव शाळेतून कमी झालं. मला ते कळलं होतं.

दहा-अकरा वर्षांनी जनगणनेच्या कामावर मला तीच वस्ती मिळाली. म्हातारी खाटेवर पडून होती, डोळे गेलेले. नात माहेरी आली होती. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत होती, शेजारी मूल निजलेलं. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. शिक्षणाचा रकाना आला.

“तिसरी,” ती म्हणाली. “नळ गेला, मंग नाही गेली.”

ती मला ओळखत होती की नाही, कोण जाणे. मी लेखणी खाली ठेवली आणि नळाबद्दलचं सगळं सांगितलं. दोन मोळ्यांचंही. तिचे हात थांबले नाहीत. म्हातारी खाटेवरून म्हणाली, “मले काय सांगता, बाबू. शाळा तिची गेली. तिले म्हना.”

मी त्या पोरीसमोर जमिनीवर बसलो. हात जोडले. “बाई, तुमचा वार्ड कर देत होता. मी जाणूनबुजून खोटं लिहिलं, आणि तुमची शाळा त्यात गेली. मला माफ करा.”