व्याह्यांची काडेपेटी

अख्ख्या कार्डिफमध्ये बायकांच्या तोंडाकडे न बघता आधी पदराकडे बघणारा पुरुष एकच, तो म्हणजे आमचे व्याही. गैरसमज नको हं! पदर रेशमाचा की पॉलिएस्टरचा, एवढंच त्यांना बघायचं असतं. उभा जन्म इचलकरंजीच्या एका गिरणीत कापड तपासण्यात गेला. आता लेकाकडे येऊन इतकी वर्षं झाली, तरी खिशातलं भिंग आणि काडेपेटी काही सुटली नाही. कुणाच्याही कपड्याची एक दशी ओढायची, पेटवायची आणि वास घ्यायचा. कागद जळल्यासारखा आला तर सुती, केस जळल्यासारखा आला तर रेशीम नाहीतर लोकर, आणि वितळून टणक मणी झाला की बनावट. आमच्या सत्यनारायणाला तर त्यांनी गुरुजींच्या सोवळ्याचीच दशी निरांजनावर धरली. वर स्मोक अलार्म कोकलायला लागला, खाली गुरुजी. हे आपले शांतपणे मणी दाखवतायत, "ओरडता काय गुरुजी? सोवळं पॉलिएस्टरचं आहे, फसवलंय तुम्हाला!"

यंदा हिवाळ्यात माझ्या कपाटाला कसर लागली. स्वेटरांची चाळण, रेशमी साड्यांना भोकं. व्याही धावत आले, भिंग लावून म्हणाले, "विहीणबाई, कसर मोठी चोखंदळ. लोकर नि अस्सल रेशीम तेवढं खाते. बनावट धाग्याला तोंड लावत नाही."

माझं कुठलं लक्ष! मी त्याच कपाटातून आईचा शालू काढला. दोन दिवाळ्या जुन्या लुगड्यावर काढून तिनं माझ्या लग्नासाठी घेतलेला, अस्सल रेशमी म्हणून. "बघा, माझ्या आईच्या शालूला एक भोक नाही!" मी तोऱ्यात म्हटलं, आणि जीभच चावली.

व्याह्यांचा हात सवयीनं खिशात गेला. काडेपेटी वाजली. मग हात रिकामाच बाहेर आला, शालूवरून हलकेच फिरला.

"हा कशाला जाळून बघायचा? हाताला कळतं ना. अस्सल आहे."

देवाच्या दारी गुरुजींना न सोडणारा हा माणूस!

हल्ली दर भेटीला ते शालूसाठी लॅव्हेंडरची पुरचुंडी आणतात. "घडीत ठेवा, विहीणबाई. कसरीचा भरवसा नाही." मीही मुकाट्यानं ठेवते. कसर त्या शालूकडे फिरकणार नाही, हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. तरी घडी उलगडताना आम्ही दोघंही फार जपून हात लावतो.