माशांसाठी झरा शोधताना: वरंध, तुडील आणि आंबेनळीचं पाणी

जानेवारीत आमच्या टँकमधले अकरा निऑन टेट्रा एका आठवड्यात गेले. फिल्टर बदलला, औषध घातलं, दिव्याची वेळ कमी केली, काही उपयोग झाला नाही. शेवटी मृणालनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सोसायटीच्या बोअरचं पाणी तपासलं. ती ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. टीडीएस मीटरनं सातशेच्या वरचा आकडा दाखवला. हे मासे हलक्या पाण्यातले आणि आम्ही त्यांना क्षारांच्या काढ्यात पोसत होतो. आरओचं पाणी मिसळणं हा सोपा उपाय होता. पण मृणालचं म्हणणं पडलं, की एकदा खऱ्या झऱ्याचं पाणी कसं असतं ते तरी बघू. मार्चमधल्या एका शनिवारी पहाटे गाडीत वीस लिटरचे चार कोरे जार आणि तपासणीच्या बाटल्यांची पेटी टाकून आम्ही पुण्यातून निघालो.

भोरमार्गे वरंध घाट उतरून महाड गाठायला थांबत थांबत चार-साडेचार तास लागतात. घाट पावसाळ्यात बहुतेक बंद असतो आणि एरवीही कामासाठी कधी बंद ठेवतात, तेव्हा भोरमध्ये विचारूनच पुढे जा. मार्चमध्ये मात्र हा रस्ता सुरेख असतो. गवत वाळून सोनेरी झालेलं, मध्येच पळसाचा भडक केशरी झटका आणि प्रत्येक वळणावर खाली उघडत जाणारी कोकणाची बाजू.

वरंध गावाच्या अलीकडे ओढा दिसला. पाणी इतकं नितळ, की तळातले गोटे मोजावेत. मीटरवर आकडा नव्वदच्या आसपास आला आणि मी तिथेच जार उघडला. मृणालनं थांबवलं. अमोनियाच्या नळीत थेंब टाकले, तर पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवट झालं, म्हणजे अमोनिया होता. थोडं वर चालून गेलो, तेव्हा कारण कळलं: तिथे कपडे धुणं चालू होतं आणि शेजारी एक टेम्पो आंघोळ करत होता. टीडीएस कमी म्हणजे पाणी चांगलं, असं नसतं. हे एवढं एक जरी लक्षात ठेवलंत, तरी तुमचे मासे वाचतील.

महाडमध्ये वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी जेवलो. दोघांचं पोट तीनशे रुपयांत भरलं. दुपारी तुडीलला गेलो. सावित्री तिथे रुंद आणि संथ होते. दोन्ही काठांची झाडं पाण्यात उतरल्यासारखी दिसतात. मीटर बुडवला, तर आकडा हजारांत पळाला. होडी काठाला लावणाऱ्या एका काकांनी चौकशी केली आणि हसत सांगितलं, की भरतीचं पाणी इथवर येतं, चव घेतली असती तरी कळलं असतं. आम्ही जार गाडीत परत ठेवले आणि सूर्य बुडेपर्यंत नदीच बघत बसलो. रात्री महाडमध्येच लॉजवर राहिलो. खोली साधी, पण स्वच्छ होती.

रविवारी सकाळी पोलादपूरला चहा घेताना टपरीवाल्याला सगळं सांगितलं. त्यानं आंबेनळी घाटातल्या एका वाडीचा रस्ता दाखवला आणि अनसूयाकाकींना भेटायला सांगितलं. त्यांच्या झऱ्याच्या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते, म्हणाला. मृणाल माझ्याकडे बघून हसली. जड पाण्यात डाळ शिजत नाही, हे ती दरवर्षी वर्गात शिकवते.

वाडीचं नाव लिहीत नाही. पंधरा घरं आणि बारीक धारेचा एक झरा. तिथे गर्दी व्हायला नको.

अनसूयाकाकी सत्तरीच्या. थोरला मुलगा मुंबईत ड्रायव्हर, सून सुवर्णा, जी काकींना आत्या म्हणते, आणि आठ महिन्यांची नात घरी. आमचं काम ऐकून त्यांना नवल वाटलं नाही. सरळ वर घेऊन गेल्या. कातळातून पडणारी धार आणि तिच्याखाली एकाखाली एक तीन कुंड्या. वरची पिण्याची, मधली धुण्याची, खालची गुरांची. वरच्या कुंडीपाशी चप्पल घालून कुणी येत नाही आणि पाणी घ्यायचं ते फक्त तिथे ठेवलेल्या तांब्यानं. लग्न होऊन आल्यापासून काकी रोज सकाळी ती कुंडी घासतात. कुणी नेमलेलं नाही, पगार नाही.

टीडीएस अठ्ठेचाळीस. पीएच साडेसहाच्या किंचित वर. अमोनिया नाही, नायट्रेटची नळी लख्ख पिवळी. मृणाल तीन वेळा तपासून म्हणाली, असं पाणी तिनं आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

"कशाला रे इतक्या बाटल्या?" काकी म्हणाल्या. "साबणाला फेस आला, डाळ शिजली, की पानी चांगलं."

दुपारी पाण्याला कुणी येत नाही, तेव्हा न्या, असं त्यांनी सांगितलं. धार बारीक, त्यामुळे तांब्यानं तीन जार भरायला दीड तास गेला. तेवढ्यात सुवर्णा बाळाला कडेवर घेऊन आली. घराजवळ एक विहिरा, म्हणजे लहान उथळ विहीर, आहे, बाळ झाल्यापासून वर चढणं होत नाही म्हणून ती तिथलंच पाणी भरते. तेही तपासाल का, असं तिनं विचारलं.

विहिरा गोठ्याच्या उतारालाच होता. मृणालनं नायट्रेटच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं. पाच मिनिटांनी पाणी गडद लाल झालं. तिनं पुन्हा करून बघितलं. तेच. शेणामुताचं पाणी जमिनीतून झिरपत असावं, तिनं शांतपणे सांगितलं. आमची पेटी माशांसाठीची आहे, तेव्हा तालुक्याला प्रयोगशाळेत तपासून घ्या. पण तोवर हे पाणी बाळाला नको. लहान मुलांच्या रक्ताला नायट्रेट बाधतं.

"मी रोज उकळूनच देते तिला," सुवर्णा म्हणाली.

उकळून हे जात नाही, हे सांगताना मृणालचा आवाज खाली गेला. सुवर्णानं बाळाला घट्ट धरलं. काकींनी पदर खोचला, घरातली कळशी अंगणात रिकामी केली आणि भर उन्हात वरच्या वाटेला लागल्या.

मी दोन जार त्यांच्या पडवीत उतरवले. सुवर्णा नको नको म्हणत होती. कळशी भरून परतलेल्या काकींनी ते बघितलं, म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गो. पोरीचं आधी, माशांचं मागून." मग आम्हाला ताक आणि नाचणीची भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही.

महाबळेश्वर-वाईमार्गे एकच जार घेऊन घरी आलो. नवं पाणी लगेच टँकमध्ये ओतू नका. आम्ही ते दोन दिवस पंपानं हवा सोडत ठेवलं, परत तपासलं, मग रोज थोडं थोडं घातलं. आणि टँकचं पाणी कधीही ओढ्यात सोडू नका. आता आम्ही आरओत नळाचं पाणी मिसळून घरीच अठ्ठेचाळीसचा आकडा जुळवतो. नवे सहा टेट्रा त्यात मजेत आहेत. दुसऱ्यांदा जार घेऊन जायची गरज पडली नाही.

महिन्याभरानं सुवर्णाचा फोन आला. प्रयोगशाळेनंही तेच सांगितलं होतं. वाडीतल्या मुंबईकरांनी मिळून वरच्या कुंडीच्या सांडव्यापासून घरांपर्यंत पाइप टाकला, गोठ्याजवळचा शेणाचा उकिरडा विहिऱ्यापासून दूर, पलीकडच्या बाजूला नेला. बाळ ठणठणीत आहे. तिला नळ्यांसकट ती नायट्रेटची बाटली हवी होती. मी एसटीच्या पार्सलनं पाठवली.

तेव्हापासून दर महिन्याला तिचा फोटो येतो: पांढऱ्या कागदासमोर धरलेल्या दोन नळ्या. एक, झऱ्याची, नेहमीच पिवळी असते. गेल्या आठवड्यातल्या फोटोत विहिऱ्याची नळी पहिल्यांदाच लाल नव्हती, नारिंगी होती. खाली तिनं लिहिलं होतं: 'अजून पिवळी नाय. आत्या म्हणतात, होईल.'