आधी दुसरा प्रमुख करा

समस्त मित्रमंडळींनी नोंद घ्यावी की पवनीतल्या एका सेवा केंद्राचा फिरता पंखा फक्त ऑपरेटरच्या तोंडावर येऊन थांबतो. हा अन्याय मी आज तासभर घाम पुसत सोसला.

काम लहान होतं. बायको मागच्या महिन्यात गेली. रेशनकार्डातून तिचं नाव कमी करायचं होतं.

"सर, म्याडमचं नाव निघून नाही राहिलं," ऑपरेटर म्हणाला. "त्या कुटुंबप्रमुख आहेत. तुमी दोघं बाप-लेक त्यायले जोडून आहा."

मी कॉलेजात डेटाबेसच शिकवतो. टेबलातल्या प्रत्येक ओळीची ओळख ज्या एकमेव क्रमांकाने पटते, ती प्रायमरी की. दुसऱ्या नोंदी तोच क्रमांक धरून तिला जोडलेल्या असतात, ती फॉरेन की. धरणारं कोणी उरलं असेल, तर मूळ ओळ पुसता येत नाही. परीक्षेत दोन मार्कांना विचारतो हे.

"मंग आता?"

"आधी दुसरा प्रमुख करा. बाईमाणूसच लागते."

"मले करा ना," सोबतची लेक म्हणाली. "बाबाले तर सिलेंडर कधी संपते तेही मालूम नाही."

तिने अंगठा ठेवला. मी तिच्या नोंदीला जोडला गेलो. मग बायकोचं नाव एका क्लिकमध्ये गेलं. मला काहीच वाटलं नाही. पावती घेतली आणि निघालो.

तुमच्या घरात कोण कोणाला धरून आहे, हे कार्ड न बघता सांगता येईल तुम्हाला?

घरी ओट्यावर शेजारच्या वहिनींचा डबा होता. बायको गेली त्या दिवसांत त्यांनी त्यातून भाजी पाठवली होती. बायको कोणाचा डबा रिकामा परत करत नसे. मी त्यात पोहे भरले आणि देऊन आलो.