न बोलावलेल्या लायब्रऱ्या

आमच्या पुंडलिकनगरच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता, त्याला सगळे 'मास्टर' म्हणायचे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार पडायचा आणि वर्षभर त्याला कुणी हात लावायचा नाही. नवा माणूस रुजू झाला की त्याच्या हातात पेन ड्राइव्ह द्यायचा आणि मास्टरवरचं लायब्रऱ्यांचं फोल्डर जसंच्या तसं उचलून घ्यायला सांगायचं. आत काय आहे ते विचारायचं नाही. "चालतंय ना? मग झालं," एवढंच आमच्या सरांचं तंत्रज्ञान.

लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड. तो वापरण्यात कमीपणा काही नाही. पण आम्ही मागवलेल्या लायब्रऱ्या चौदा आणि फोल्डरात आठशेच्या वर! प्रत्येक लायब्ररी आपल्या कामासाठी आणखी चार ओढून आणायची. लग्नात एकाला पत्रिका द्यावी, त्यानं साडूला आणावं, साडूनं शेजाऱ्याला, आणि पंगतीतल्या निम्म्या लोकांना यजमानानं ओळखूच नये, तसला कारभार. मी तिथं सात वर्षं काढलेली, सगळ्यांत सीनियर. या अडाणीपणाला नावं ठेवणं हा माझा आवडता उद्योग होता. तो सुधारणं मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

मग एका बड्या ग्राहकानं यादीच मागितली. कुठली लायब्ररी, कुठली आवृत्ती, कुणामुळं आत आली, सगळं हवं. हे किचकट काम सरांनी नव्या माणसाच्या गळ्यात मारलं. हे गृहस्थ देवगाव रंगारीचे, चाळिशी उलटलेले. पंधरा वर्षं तासिका तत्त्वावर गणित शिकवूनही कायम झाले नाहीत, म्हणून कोर्स करून आमच्याकडे सहा महिन्यांच्या बोलीवर आलेले. टिकले तर कायम, नाहीतर घरी. ऑफिस त्यांना 'गुरुजी' म्हणायचं. त्यात आदर औषधालाही नव्हता.

तीन आठवडे ते एकेक धागा उसवत बसले.

"मॅडम, ही कुणी आणली ते सापडलं. पण तिला आणणारीला कुणी आणलं?"

"गुरुजी, हजेरी घेताय का?" मी म्हणायचे. पोरं फिदीफिदी हसायची आणि मला मोठा विनोद केल्यासारखं वाटायचं.

शेवटी त्यांनी यादी पुरी केली, प्रत्येकीची आवृत्ती पक्की केली, जुनं फोल्डर बाजूला ठेवून सगळ्या लायब्रऱ्या मूळ जागेवरून नव्यानं उतरवल्या. असंच करायचं असतं, हे मला पाठ होतं. त्यांनी तपासायला पाठवलेली यादी मी उघडलीसुद्धा नाही. 'ठीक' असं लिहून परत पाठवली.

चौथ्या दिवशी वैजापूरकडच्या एका कांदा व्यापाऱ्याचा फोन आला. त्याच्या आवारात येणाऱ्या ट्रॅक्टरांना नंबर देणारा प्रोग्राम आमचा होता.

"तुमच्या मशीनला गिनती येती का नाय? एकनंतर थेट दहा नंबरला बोलावतंय! दोनवाला सकाळधरनं उभा हाय, लई तापलाय. इथं मारामारी व्हायची येळ आलीय!"

सर गुरुजींवर तुटून पडले. चालती गाडी बिघडवली म्हणे. मी मान डोलावली आणि जुनं फोल्डर नव्याशी ताडून बघायला बसले. कुणाचा गाढवपणा आहे ते मला सगळ्यांसमोर दाखवायचं होतं.

आम्ही मागवलेल्या तक्त्याच्या लायब्ररीनं आणलेल्या लायब्ररीनं आणलेली एक लायब्ररी आकडे क्रमानं लावायची. तिला इंग्रजी आकडे कळायचे, मराठी कळत नव्हते. मराठी आकडे ती अक्षरांसारखे, पहिलं चिन्ह बघून लावायची, म्हणून १० ला २ च्या आधी बसवायची. जुन्या फोल्डरात कुणीतरी थेट तिच्या पोटात शिरून, हे सुधारायला दोन ओळी बदलल्या होत्या; नव्यानं उतरवलेल्या प्रतीत त्या अर्थातच नव्हत्या. कुठं नोंद नाही, कुणाला सांगणं नाही. ओळींच्या वर लिहिलं होतं, 'तात्पुरतं', आणि पुढं माझ्या नावाची आद्याक्षरं. चार वर्षांपूर्वी घाईत केलं होतं आणि साफ विसरले होते.

दुपारी सरांनी सगळ्यांना बोलावलं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "सर, जुन्या फोल्डरात कुणीतरी हातानं बदल केला होता. तो माझ्या नजरेतून सुटला. मघाशी सापडला, आता नव्यात टाकलाय."

"कुणी केला होता?"

"जुनं आहे, सर."

म्हणजे त्यांनी ती अक्षरं वाचली होती. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. 'मी केला होता,' एवढंच म्हणायचं होतं. सगळ्यांना नावं ठेवण्यात सात वर्षं तरबेज झालेलं हे तोंड तीन शब्दांना उघडेना. सीनियरपणा जाईल, पोरं हसतील, अशी घाणेरडी भीती वाटली.

सर म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

गुरुजींनी डबा पिशवीत घातला, सगळ्यांना नमस्कार केला आणि जिना उतरले. वर पुन्हा आपापल्या कामाला लागलेल्यांपैकी कुणालाच माझी चूक ठाऊक नव्हती. ज्याला ठाऊक होती, तो खाली स्कूटरला किक मारत होता. ती तिसऱ्या किकला सुरू झाली, तोवर मी खुर्चीतून उठलेही नाही.