जावेच्या कपातला चहा

आमच्या घरात टीबी आधी मला झाला, मग माझ्या धाकट्या जावेला. पुंडलिकनगरात आम्ही तेव्हा नवीनच राहायला आलो होतो. दोघं भाऊ चिकलठाण्याला कारखान्यात. सासूबाईंनी आम्हा दोघींची ताटं, पेले, कप मोरीजवळच्या फळीवर वेगळे काढले. गल्लीत मात्र कुणाला काही कळू दिलं नाही. खोकल्याची उबळ आली की आम्ही आत पळायचो आणि नळ सोडायचो.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर एकदा चौकशीला घरी आले. त्यांनी ती फळी बघितली, जावेचाच कप उचलला आणि ह्यातच चहा द्या म्हणाले. सासूबाईंच्या देखत सगळा चहा प्याले. हा रोग खोकल्यातून पसरतो, भांड्यांतून नाही, हे त्यांनी आम्हाला असं शिकवलं. त्या दिवसापासून तो माणूस मला देवाच्या जागी. आता आठवलं की माझंच मला हसू येतं.

मी सरकारी गोळ्यांनी बरी झाले. जावेला त्या लागू पडेनात. माहेरी गेली की भावजयीला कळू नये म्हणून ती गोळ्याच घ्यायची नाही. असं दोन-तीनदा झालं आणि रोग चिवट झाला. मग वेगळी, लई महागडी औषधं लागणार होती. ती आमच्या दवाखान्यात मिळत नव्हती, आणि कारखान्याच्या पगारात बसणारी तर मुळीच नव्हती.

तशात डॉक्टर पुन्हा घरी आले. जिल्ह्याला टीबीसाठी जादा पैसा द्यायचा की नाही हे ठरवायला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर तुमचं सांगा, जावेचंही सांगा, पैसा मिळाला की तिची औषधं आलीच समजा, असं ते मला म्हणाले. आमच्या मालकांनी नको म्हणून पाहिलं. माझ्या डोक्यात एकच, जाऊ वाचली पाहिजे. मी गेले. भरल्या सभेत ती फळी सांगितली, नळ सांगितला, रात्रभर बसून राहणारी जाऊ सांगितली. एका साहेबानं चष्मा काढून डोळे पुसले.

पेपरात माझा फोटो आला आणि गल्लीत सगळ्यांना कळलं. संक्रांतीला माझ्याकडं हळदीकुंकवाला एक बाई फिरकली नाही. मी स्वतः तिळगूळ घेऊन गेले, तर शेजारणीनं तो पदरात घेतला आणि मी वळल्यावर गाईपुढं टाकला. गच्चीवरून बघितलं मी. जीव जळला, पण म्हटलं, जळू दे मेल्यांना, माझी जाऊ तर जगेल.

पैसा आला. मी जावेला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पंखा लावला, आणि त्या पैशातून जावेची औषधं आणणार नाही असं शांतपणे सांगितलं.

"ताई, पैसा थोडाच मिळालाय. ह्यांच्या एकटीच्या औषधात गावंच्या गावं बरी होतील, साध्या गोळ्यांनी. कुठं लावायचा ते तुम्हीच सांगा."

"हा हिशेब तुम्हाला आधी येत नव्हता का? मग तिचं कशाला सांगायला लावलं?"

"त्याशिवाय साहेबांनी ऐकलं नसतं."

खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं. त्यांचा हिशेब बरोबरच होता, तो मलाही कळत होता. पण तो हिशेब पोटात ठेवून त्यांनी माझ्या जावेला सभेत मांडलं होतं. केसानं गळा कापला माझा. रिक्षात मी रडायला लागले, तर जाऊच मला थोपटत म्हणाली, "बाई, फोटो मात्र तुमचा झकास आला हां." होळीच्या आत ती गेली.

पुढच्या वर्षी डॉक्टर परत दारात. पुन्हा साहेब यायचे होते, पुन्हा पैशाचं ठरायचं होतं. ताई, तुमच्यासारखं कुणी बोलत नाही, म्हणाले. मी बसा म्हटलं, चहा टाकला आणि फळीवरच्या त्याच कपात दिला. त्यांनी कप ओळखला. खाली बघून सगळा चहा प्याले. तेवढं मानलं मी.

"येते मी," मी म्हटलं. "पण ह्या बारीला मी बरी कशी झाले ते सांगणार नाही. माझी जाऊ कशी मेली ते सांगणार."

त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगा ना, जरूर सांगा, म्हणाले. दहाच्या ठोक्याला गाडी पाठवतो म्हणाले. सभेच्या दिवशी मी सकाळीच आवरलं, इस्त्रीचं पातळ नेसले आणि ओट्यावर येऊन बसले. समोरच्या बाया दारातून बघत होत्या. उन्हं पार ओट्यावर चढली, मालकांची पहिली पाळी सुटून ते घरी आले, तरी मी तिथंच बसलेली. गाडी काही आली नाही.