अप्पांची पंगत

विश्वनाथअप्पा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी परभणीच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. वालूरच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माझा मित्र... खरं सांगतो, आधी दुःख नाही झालं, लाज वाटली. त्यांच्याशी एक बोलणं राहिलं होतं, आणि ते राहिलं माझ्याच ताठ्यामुळे.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो, ते शाळेत. त्यामुळे दोघांत शहाणा कोण, हे मी परस्पर ठरवून टाकलेलं. अप्पा शिकवायचे मात्र लय भारी. काही अणूंचा गाभा एवढा घट्ट का, हे सांगायला ते लग्नातली पंगत घ्यायचे. "रांग पुरी भरल्यावर मधूनच कोन उठतंय का रे? न्हाई. पन पुढच्या रांगेत एकटाच बसलेला? तो उठायलाच बघतोय!" बायकांची पंगत वेगळी, पुरुषांची वेगळी, तशी गाभ्यात प्रोटॉनची वेगळी आणि न्यूट्रॉनची वेगळी. दोन, आठ, वीस, अठ्ठावीस, पन्नास, ब्याऐंशी, एकशे सव्वीस... एवढ्यांवर रांग पुरी होते. शिशाच्या एका प्रकारात तर दोन्ही पंगती भरलेल्या, प्रोटॉन ब्याऐंशी आणि न्यूट्रॉन एकशे सव्वीस, म्हणून तो सहसा हलत नाही.

हेच त्यांची विद्यार्थिनी सुरेखा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पत्रावळींवर शेंगदाणे मांडून सांगत होती. नववीतली पोर, आवाज खणखणीत. परीक्षक मी. मी तिला मध्येच तोडलं, "पंगती इलेक्ट्रॉनच्या असतात बाई, बाहेर. गाभा म्हणजे नुसता वळलेला लाडू. कुणी शिकवलं हे तुला?" चारचौघांत! पोरीनं शेंगदाणे गोळा केले. अप्पा मागेच उभे होते. एवढंच म्हणाले, "सर, येकदा वाचून बघा."

त्याच आठवड्यात वाचलं. अप्पांचं बरोबर होतं. परीक्षेला येत नाही म्हणून तो धडा मी शिकतानाच सोडून दिला होता. त्यानंतर देवगाव फाट्यावर कितीदा भेटलो, चहा प्यालो, कापसावर बोललो, गुडघ्यांवर बोललो. तेवढं एक बोललो नाही. पडलो तरी नाक वर, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी वालूरला गेलो. अप्पांच्या खोलीत सतरंजीवर सुरेखा बसली होती, आता स्वतःच मास्तरीण झालेली. सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, त्या दिवशी तू बरोबर होतीस. चूक माझी होती."

"म्हाईत हाय सर," ती म्हणाली. "अप्पांनी दुसऱ्याच दिवशी पुस्तक दाखवलं. मी म्हनलं, सरांना बी दाखवा. तर म्हनले, न्हाई, त्यांना लागंल. त्यांचं ते सांगतील." तिनं पदरानं डोळे पुसले. "दवाखान्यात बी दोनदा इचारलं त्यांनी... सर आलते का म्हनून."

दवाखाना परभणीतच होता, माझ्या घरापासून चालत जाण्याइतका. अप्पा तिथं आहेत, हे मला ठाऊक होतं.